रेणूंना अडवणारा पदार्थ : जेल इलेक्ट्रोफोरेसिसची जडणघडण

विद्युतभारित कण विद्युतक्षेत्रात ठेवला असता तो विरुद्ध भाराच्या अग्राकडे सरकतो, हे विज्ञानाला एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून ठाऊक होते. मात्र या तत्त्वातून जीवरेणू वेगळे करण्याची खात्रीची पद्धत उभी राहायला जवळजवळ दीडशे वर्षे जावी लागली. मॉस्को विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवणारे जर्मन प्राध्यापक फर्डिनांड रॉयस यांनी ओल्या चिकणमातीत काचेच्या दोन नळ्या रोवल्या, त्यांत पाणी भरले आणि व्होल्टा यांच्या विद्युतघटांच्या चळतीतून प्रवाह सोडला, तेव्हा मातीचे बारीक कण धनाग्राच्या नळीत वर चढू लागले आणि पाणी मातीतून झिरपत ऋणाग्राकडे गेले. हे निरीक्षण १८०९ साली प्रसिद्ध झाले. विद्युतक्षेत्रातील कणांच्या अशा स्थलांतराला पुढे इलेक्ट्रोफोरेसिस हे नाव मिळाले. मधल्या दीर्घ काळात विजेची उपकरणे झपाट्याने सुधारली, तरीही या निरीक्षणाचा जीवशास्त्राला फारसा उपयोग झाला नाही, कारण अडचण विजेची नव्हतीच. रेणूंनी ज्यातून प्रवास करायचा ते माध्यम कोणते असावे, हा प्रश्न सुटलेला नव्हता. तो टप्प्याटप्प्याने सुटला तो १९३७ ते १९७७ या चाळीस वर्षांत, आणि तो सोडवताना धुलाईची खळ, समुद्री शेवाळ आणि बांधकामातील रसायन अशा पदार्थांनी प्रयोगशाळेत प्रवेश केला.

या कालखंडाचा आरंभ स्वीडनमधील उप्साला विद्यापीठात होतो. तेथे थिओडोर स्वेडबर्ग यांनी अतिवेगवान अपकेंद्रण यंत्र, म्हणजे द्रावण प्रचंड वेगाने फिरवून त्यातील रेणू वजनानुसार तळाशी बसवणारे यंत्र, विकसित केले होते. त्यांचे शिष्य आर्ने टिसेलियस यांनी १९३० साली सादर केलेल्या प्रबंधात प्रथिनांच्या विद्युत स्थलांतराचा अभ्यास हाती घेतला. प्रथिने ही अमिनो आम्लांच्या लांब साखळ्यांची बनलेली असतात. या अमिनो आम्लांपैकी काहींवर धन, तर काहींवर ऋण भार असतो, आणि द्रावणाची आम्लता बदलली की त्या भारांची बेरीजही बदलते. म्हणूनच प्रथिनांचे द्रावण बफरमध्ये, म्हणजे आम्लता स्थिर राखणाऱ्या क्षारांच्या पाण्यात करावे लागते; ते केले की प्रत्येक प्रथिनावरचा एकूण भार ठरून जातो आणि त्याचा वेगही त्याबरोबर निश्चित होतो. तत्त्व इतके सरळ असूनही प्रत्यक्षात ते हाती लागत नव्हते, कारण वीज वाहताना द्रावण तापते, तापलेले पाणी वर उठते, थंड पाणी खाली उतरते आणि सावकाश वेगळे होऊ लागलेले पट्टे या प्रवाहात पुन्हा मिसळून जातात.

टिसेलियस यांनी यावर योजलेला उपाय भौतिकशास्त्राच्या नेमक्या जाणिवेतून आलेला होता. पाण्याची घनता ४ अंश सेल्सियसला सर्वाधिक असते आणि त्या बिंदूच्या आसपास तापमानात थोडा चढउतार झाला तरी घनतेत जवळजवळ फरक पडत नाही; त्यामुळे इंग्रजी यू अक्षराच्या आकाराची चपट्या पोकळीची नळी त्या तापमानाजवळ ठेवली की उष्णतेने होणारी घुसळण नगण्य होते. १९३७ साली त्यांनी हे सुधारित उपकरण जगापुढे मांडले. रक्त गोठल्यानंतर वर राहणारा पिवळसर द्रव, म्हणजे रक्तरस, त्यातून सोडल्यावर प्रथिनांच्या चार वेगवेगळ्या सीमा दिसल्या : अल्ब्युमिन, आणि त्यामागोमाग ग्लोब्युलिनचे तीन गट, ज्यांना त्यांनी आल्फा, बीटा आणि गॅमा अशी नावे दिली. एल्विन काबाट यांच्यासोबत त्यांनी दोनच वर्षांनी दाखवून दिले, की रोगप्रतिकार करणारी प्रतिपिंडे मुख्यतः या गॅमा गटात असतात. आजही डॉक्टरांच्या तोंडी असलेला गॅमा ग्लोब्युलिन हा शब्द तेथूनच आला. टिसेलियस यांना १९४८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या यंत्राने दिलेले सर्वांत दूरगामी उत्तर कॅलिफोर्नियात मिळाले. लायनस पाउलिंग, हार्वे इटानो, जोनाथन सिंगर आणि आयबर्ट वेल्स यांनी १९४९ साली निरोगी व्यक्तींचे आणि सिकलसेल रुग्णांचे हिमोग्लोबिन, म्हणजे लाल रक्तपेशींतील प्राणवायू वाहणारे प्रथिन, टिसेलियस यांच्या नळीत पळवून पाहिले, तेव्हा दोहोंचे वेग स्पष्टपणे भिन्न आढळले आणि ज्यांना हा दोष एकाच पालकाकडून मिळाला होता त्यांच्या रक्तात दोन्ही प्रकारांचे मिश्रण सापडले. एखाद्या रोगाचे मूळ एका रेणूच्या बदलात असल्याचे प्रथमच सिद्ध झाले. हा बदल नेमका कोणता, हे केंब्रिज येथे व्हर्नन इंग्राम यांनी पुढच्या दशकात शोधले : हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतील एका ठिकाणी ऋणभारित ग्लुटामिक आम्लाऐवजी भाररहित व्हॅलिन बसलेले असते, आणि तेवढ्याने रेणूची धनाग्राकडची ओढ कमी होते. विदर्भातील गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया हे जिल्हे, मेळघाट आणि नंदुरबारचा आदिवासी पट्टा या भागांत सिकलसेलचा प्रादुर्भाव मोठा असल्याने पाउलिंग यांच्या प्रयोगाचे महत्त्व महाराष्ट्राला वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. प्राथमिक विद्राव्यता चाचणीत संशयित ठरलेल्या नमुन्यात व्यक्ती रुग्ण आहे की केवळ वाहक, हे ठरवण्यासाठी हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिसचाच आधार घेतला जात आला आहे. वाहकाच्या पट्टीवर दोन पट्टे उमटतात, तर दोन्ही पालकांकडून दोष मिळालेल्या रुग्णाच्या पट्टीवर सामान्य हिमोग्लोबिनचा पट्टा गैरहजर असतो.

मात्र टिसेलियस यांचे उपकरण सुमारे वीस फूट लांबीचे, नाजूक प्रकाशयंत्रणेने सज्ज आणि अतिशय महागडे होते, आणि ज्या मोजक्या संस्थांना ते परवडले तेथेही ते चालवणे हे स्वतंत्र कौशल्याचे काम होते. त्याहून मूलभूत उणीव अशी, की मुक्त द्रावणात प्रथिने एकमेकांपासून पूर्णपणे सुटी होत नसत. त्यांच्या फक्त पुढच्या व मागच्या सीमा दिसत आणि मधला भाग मिश्रच राहत असे. चाळिशीच्या दशकाच्या अखेरीस अनेकांनी द्रावणाला आधार देण्यासाठी गाळणकागद वापरून पाहिला. कागद स्वस्त होता आणि त्यावर प्रथिने सुट्या पट्ट्यांत विभागली जात, परंतु काही प्रथिने कागदाच्या तंतूंना चिकटून मागे फराटा सोडत. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतील हेन्री कुंकेल यांनी कागदाऐवजी ओल्या स्टार्चच्या कणांचा थर वापरला. त्यात चिकटण्याचा दोष नव्हता, पण प्रथिने कोठे पोहोचली हे कळण्यासाठी त्या थराचे चाळीसच्या आसपास तुकडे कापून प्रत्येकातील प्रथिन स्वतंत्रपणे मोजावे लागे.

१९५३-५४ च्या हिवाळ्यात टोरांटो येथील कॉनॉट वैद्यकीय संशोधन प्रयोगशाळेत ऑलिव्हर स्मिथीज हे यॉर्कशायरमधून आलेले तरुण संशोधक इन्सुलिनच्या पूर्वरूपाचा शोध घेत होते. प्रयोगशाळेतील ज्येष्ठ शास्त्रज्ञ डेव्हिड स्कॉट यांनी इन्सुलिनशी संबंध असेल तर कोणताही विषय निवडण्याची मुभा त्यांना दिली होती. कागदावर इन्सुलिन चिकटत असल्याने त्यांचे काम अडले होते, आणि शहरातील बालरुग्णालयात कुंकेल यांची स्टार्चकणांची रीत पाहिल्यावर तिचे गुण त्यांना पटले, परंतु एका प्रयोगासाठी चाळीस मोजण्या करायला त्यांच्याकडे मदतनीस नव्हता. त्याच वेळी त्यांना लहानपणी पाहिलेली एक घरगुती गोष्ट आठवली : आई वडिलांच्या सदऱ्यांना घालण्यासाठी स्टार्च शिजवत असे आणि उरलेली खळ थंड झाली की तिचा थलथलीत गोळा होई. स्टार्चचे कण ओले ठेवण्याऐवजी ते शिजवून त्याचा जेल केला, तर प्रथिने त्या जेलच्या आतच रंगवता येतील, तुकडे करून मोजत बसण्याची गरजच उरणार नाही, असा विचार त्यांनी केला. जेल म्हणजे लांब रेणूंच्या जाळ्यात पाणी अडकून बनलेला घट्ट पण लवचीक पदार्थ. जानेवारी १९५४ मध्ये त्यांनी पहिला प्रयोग केला.

साधा स्टार्च पुरेसा घट्ट केला तर ओतता येत नसे आणि ओतण्याजोगा ठेवला तर पुरेसा घट्ट होत नसे. म्हणून स्मिथीज यांनी बटाट्याचा स्टार्च आम्लाने थोडासा विघटित करून घेतला, म्हणजे त्याच्या साखळ्या किंचित आखूड झाल्या, आणि असा स्टार्च बफरमध्ये तापवून, त्यातील हवेचे बुडबुडे काढून तो साच्यात ओतला. गार झालेल्या दुधाळ वडीत चीर पाडून त्यात नमुना ठेवायचा, दोन्ही टोकांना विद्युतअग्रे जोडायची, काही तासांनी वडी आडवी चिरायची आणि कापलेला पृष्ठभाग प्रथिनांना चिकटणाऱ्या रंगात बुडवायचा, अशी ती रीत होती. रक्तरस या जेलमधून गेला तेव्हा टिसेलियस यांच्या यंत्रात मोजके गट दिसत होते तेथे दहाहून अधिक पट्टे उमटले, आणि ही संख्या केवळ जेलच्या स्वच्छतेमुळे वाढलेली नव्हती. स्टार्चच्या जाळ्यातील छिद्रे प्रथिनांच्या रेणूंच्या आकाराच्या जवळपासची असल्याने मोठे रेणू अडखळत आणि लहान रेणू पुढे निसटत. म्हणजे पूर्वी एकट्या भारावर होणारी विभागणी आता भार आणि आकारमान या दोहोंवर होऊ लागली होती. आधार म्हणून आणलेले माध्यम स्वतःच निवड करू लागले, आणि या पद्धतीच्या इतिहासात याहून मोठे वळण दुसरे नाही.

स्मिथीज यांनी स्वतःचे आणि सहकाऱ्यांचे रक्त तपासायला घेतले, तेव्हा वेगवेगळ्या व्यक्तींचे पट्टे सारखे नसल्याचे आढळले. सुरुवातीच्या नमुन्यांत हा भेद स्त्री आणि पुरुष यांच्यातील असावा असे दिसल्याने त्यांनी दोन आकृतिबंधांना तशी अक्षरेही दिली, परंतु पुढच्या नमुन्यांनी तो अंदाज खोटा ठरवला. टोरांटो बालरुग्णालयातील आनुवंशिकीतज्ज्ञ नॉर्मा फोर्ड वॉकर यांच्यासोबत कुटुंबांचे नमुने पाहिल्यावर उलगडा झाला, की हा भेद हॅप्टोग्लोबिन या प्रथिनाचा आहे, तो दोन जनुकरूपांमुळे होतो आणि मेंडेलच्या नियमांनुसार पालकांकडून मुलांकडे जातो. पूर्णपणे निरोगी माणसांच्या रक्तात असे आनुवंशिक वैविध्य सहज दिसावे, याची कोणाला कल्पना नव्हती. स्मिथीज यांची पद्धत १९५५ साली प्रसिद्ध झाली आणि स्टार्च, प्लॅस्टिकचा साचा व विजेचा पुरवठा एवढ्यावर ती जगभर पोहोचली. १९६६ साली शिकागोत रिचर्ड लेवॉन्टिन व जॅक हबी यांनी फळमाश्यांत, तर लंडनमध्ये हॅरी हॅरिस यांनी माणसांत, जेलच्या साहाय्याने विकरांची, म्हणजे पेशीतील रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनांची, रूपे तपासली आणि सुमारे एक तृतीयांश जनुकांची एकाहून अधिक रूपे लोकसंख्येत नांदत असल्याचे दाखवले. निसर्गातील वैविध्य मोजण्याचा हा पहिला थेट मार्ग होता. स्मिथीज यांना २००७ साली नोबेल मिळाले ते उंदरांतील जनुके हेतुपुरस्सर बदलण्याच्या कामासाठी. स्टार्च जेलचे ऋण मात्र त्याहून कमी नाही.

स्टार्चचे दोष लवकरच जाणवू लागले. तो नैसर्गिक पदार्थ असल्याने एका पोत्यातील माल दुसऱ्यासारखा नसे, आणि तो अपारदर्शक होता. १९५९ साली सॅम्युएल रेमंड आणि लुईस वाइन्ट्रॉब यांनी पॉलिॲक्रिलामाइड हा कृत्रिम जेल सुचवला. ॲक्रिलामाइड हे द्रव्य त्या काळी जमिनीतील भेगा बुजवून पाण्याची गळती थांबवण्यासाठी बांधकामात वापरले जात होते. त्याचे छोटे रेणू पाण्यात साखळीने जोडले जाऊन काचेसारखा पारदर्शक जेल बनतो आणि सुरुवातीचे प्रमाण कमी-अधिक करून छिद्रांचा आकार हवा तसा ठरवता येतो. न्यूयॉर्कमध्ये लेनर्ड ऑर्नस्टाइन आणि बरुख डेव्हिस यांनी या जेलच्या वर मोठ्या छिद्रांचा दुसरा थर ठेवून, पसरट नमुना आधी पातळ तबकडीत दाबून घेण्याची युक्ती साधली. सुस्पष्ट पट्ट्यांचे श्रेय तिलाच जाते. पुढे केंब्रिज येथे उलरिख लेमली यांनी १९७० साली ही युक्ती एसडीएस या साबणासारख्या द्रव्याशी जोडली. एसडीएस प्रथिनाची घडी उलगडते आणि त्याला लांबीच्या प्रमाणात ऋण भाराचे आवरण देते. साहजिकच प्रथिनाचा मूळ भार निष्प्रभ ठरतो आणि विभागणी केवळ आकारमानावर होते. आज कोणत्याही प्रथिनाचे वजन ढोबळमानाने सांगायचे असेल तर प्रथम हाच जेल लावला जातो.

डीएनएच्या बाबतीत जेलची गरज अधिकच मूलभूत होती. डीएनएच्या साखळीतील प्रत्येक घटकाला एक फॉस्फेट जोडलेले असते आणि प्रत्येक फॉस्फेटवर एक ऋण भार असतो. त्यामुळे साखळी दुप्पट लांब झाली की तिचा भारही दुप्पट होतो आणि तिला होणारा पाण्याचा विरोधही जवळजवळ त्याच प्रमाणात वाढतो. परिणामी मुक्त द्रावणात शंभर घटकांचा तुकडा आणि दहा हजार घटकांचा तुकडा साधारण एकाच वेगाने धावतात, आणि टिसेलियस यांच्या यंत्राने ते कधीच वेगळे झाले नसते. जेलच्या जाळीत मात्र लांब तुकड्याला वळणे घेत, सापासारखे सरपटत वाट काढावी लागते आणि तो मागे पडतो. कापलेले अंतर तुकड्याच्या लांबीच्या लॉगॅरिथमशी व्यस्त नाते राखते, म्हणून लांबी ठाऊक असलेले तुकडे शेजारच्या रांगेत पळवले की अनोळखी तुकड्याची लांबी वाचता येते.

हे सामर्थ्य प्रकट व्हायला डीएनए ठरावीक जागी कापणारी कात्री लागत होती. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात हॅमिल्टन स्मिथ यांनी जिवाणूतून असे एक निर्बंधक विकर वेगळे केले, म्हणजे डीएनएतील घटकांचा विशिष्ट क्रम, म्हणजे अक्षरक्रम, ओळखून तेथेच छेद देणारे प्रथिन. त्यांचे सहकारी डॅनियल नेथन्स आणि विद्यार्थिनी कॅथलीन डॅना यांनी ते माकडांत आढळणाऱ्या एसव्ही४० या विषाणूच्या वर्तुळाकार डीएनएवर चालवले आणि आलेले मिश्रण पॉलिॲक्रिलामाइड जेलमध्ये सोडले. डीएनए किरणोत्सारी केलेला असल्याने जेलवर फिल्म ठेवताच त्याचे पट्टे उमटले, आणि ते ११ होते. १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधाने विषाणूच्या जीनोमचे, म्हणजे त्याच्या संपूर्ण डीएनएचे, तुकडे मोजता येतात, उचलता येतात आणि क्रमाने लावता येतात हे दाखवले. त्यातूनच जनुकांचे पहिले भौतिक नकाशे तयार झाले. नेथन्स आणि स्मिथ यांना व्हर्नर आर्बर यांच्यासमवेत १९७८ चे नोबेल मिळाले.

पॉलिॲक्रिलामाइडची छिद्रे लांब डीएनएसाठी फार बारीक होती. ती उणीव ॲगारोजने भरून काढली. लाल समुद्री शेवाळांपासून मिळणारा अगर, जो भारतीय स्वयंपाकघरांत चायना ग्रास म्हणून ओळखला जातो, जिवाणू वाढवण्यासाठी एकोणिसाव्या शतकापासून वापरात होता. परंतु त्यातील एक घटक भारित असल्याने तो विद्युतप्रवाहात अडथळा आणतो. टिसेलियस यांचेच उप्सालातील शिष्य स्टेलान येर्टेन यांनी १९६१ च्या सुमारास त्यातील भाररहित घटक, म्हणजे ॲगारोज, इलेक्ट्रोफोरेसिससाठी पुढे आणला. राहिला प्रश्न डीएनए दिसण्याचा. जनावरांच्या रक्तातील परजीवींवर औषध म्हणून वापरले जाणारे इथिडियम ब्रोमाइड डीएनएच्या शिडीसारख्या रेणूच्या पायऱ्यांमध्ये शिरते आणि अतिनील प्रकाशात नारिंगी चमकते. ॲम्स्टरडॅम येथे कीस आइज व पीट बोर्स्ट यांनी १९७२ साली, आणि कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे फिलिप शार्प, बिल सग्डन व जो सॅमब्रुक यांनी १९७३ साली, हे द्रव्य ॲगारोज जेलशी जोडले. किरणोत्सारी द्रव्ये हाताळण्याची आणि फिल्मची वाट पाहण्याची गरज संपली, आणि सकाळी केलेल्या छेदाचे उत्तर दुपारी मिळू लागले.

तेव्हा रुळलेली कृती आजही ओळखू येईल इतकी तीच आहे. ॲगारोजची भुकटी बफरमध्ये उकळून पारदर्शक करायची, कोमट झाल्यावर साच्यात ओतायची आणि दातेरी फणी उभी धरायची. जेल बसल्यावर फणी उचलली की आयताकृती खाचांची रांग उरते. नमुन्यात ग्लिसरॉल मिसळलेले असल्याने तो जड होऊन खाचेच्या तळाशी बसतो, आणि त्यातील ब्रोमोफिनॉल ब्लू या निळ्या रंगाची रेघ पुढे सरकताना पाहून प्रवाह कधी थांबवायचा हे कळते. डीएनए ऋणभारित असल्याने खाचा नेहमी ऋणाग्राच्या बाजूला ठेवतात. अग्रांची जोडणी उलट झाली तर नमुना मागच्या काठातून बफरमध्ये निघून जातो.

या सुलभतेमुळे सत्तरीच्या दशकाचा वेग बदलला. स्टॅनली कोहेन आणि हर्बर्ट बॉयर यांनी १९७३ साली दोन वेगवेगळ्या स्रोतांचे डीएनए जोडून जिवाणूत वाढवले, तेव्हा जोड खरोखर झाली आहे याचा पुरावा जेलवरच्या पट्ट्यांनी दिला. १९७५ साली एडिनबरो येथे एडविन सदर्न यांनी जेलवर नायट्रोसेल्युलोजचा पडदा आणि त्यावर शोषक कागदांची चळत ठेवून सगळे पट्टे जसेच्या तसे पडद्यावर उतरवले. आता लाखो तुकड्यांच्या गर्दीतून एकच जनुक हुडकता येऊ लागले. लीस्टर येथे ॲलेक जेफ्रीज यांना सप्टेंबर १९८४ मध्ये डीएनएचा ठसा सापडला तो याच मार्गाने.

सर्वांत मोठी कसोटी फ्रेडरिक सॅंगर यांनी घेतली. केंब्रिज येथे त्यांनी १९७७ साली मांडलेल्या पद्धतीत डीएनएची नक्कल चार वेगवेगळ्या मिश्रणांत केली जात असे आणि प्रत्येक मिश्रणात ती एका ठरावीक अक्षराशी अधूनमधून थांबवली जाई. त्यामुळे ए, सी, जी आणि टी यांपैकी एकेका अक्षराशी संपणाऱ्या सर्व लांबींच्या साखळ्या तयार होत. हे चार नमुने शेजारीशेजारी, युरिया मिसळलेल्या पातळ पॉलिॲक्रिलामाइड जेलमध्ये पळवले, की एकेका घटकाचा फरक असलेल्या साखळ्याही वेगळ्या होत आणि फिल्मवर उमटलेली शिडी खालून वर वाचत गेले की अक्षरक्रम मिळे. शंभर घटकांची साखळी एकशे एक घटकांच्या साखळीपासून सुटी करणे हे जेलचे काम होते. त्यावाचून ही कल्पना कागदावरच राहिली असती. सॅंगर यांना आणि स्वतंत्र पद्धत शोधणाऱ्या वॉल्टर गिल्बर्ट यांना १९८० च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

मानवी जीनोमच्या तीन अब्ज अक्षरांपुढे मात्र हाताने ओतलेल्या पातळ जेलचे तावही अपुरे पडले, आणि नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस त्यांची जागा केसासारख्या बारीक नळ्यांनी घेतली, ज्यांत घट्ट जेलऐवजी लांब साखळ्यांचे दाट द्रावण भरलेले असते व संपलेला भरणा यंत्र स्वतःच बदलते. अक्षरे वाचण्याचे काम तिकडे गेले. ॲगारोजचा जेल प्रयोगशाळेतून गेला नाही, कारण वृद्धिंगत केलेला तुकडा अपेक्षित लांबीचा आहे का, प्लाझ्मिड, म्हणजे जिवाणूतील डीएनएचे छोटे वर्तुळ, योग्य जागी कापले गेले का, नमुन्यातील डीएनए अखंड आहे की त्याचा चुरा झाला आहे, या रोजच्या प्रश्नांना तो अर्ध्यापाऊण तासात आणि अत्यल्प खर्चात उत्तर देतो, आणि जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयातील विद्यार्थीही तो स्वतःच्या हाताने ओतू शकतो.